सरांचं बाड, तुमचं नाव

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सांगलीचे, हौशी रंगभूमीवर लिहिणारे. २०१९ साली तासगाव तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतः लिहिलेल्या एकांकिकेचं हस्तलिखित त्यांच्याकडे दिलं, ‘बघ, काही सुधारता येतंय का’ म्हणून. पुढच्या वर्षी सर वारले आणि बाड यांच्याकडेच राहिलं. २०२२ मध्ये शीर्षक बदलून, पात्रांची नावं बदलून, थोडी काटछाट करून यांनी ती एकांकिका स्वतःच्या नावावर स्पर्धेत उतरवली. लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं, दिवाळी अंकात ती छापून आली, बाहेरच्या संस्थांनी ३१ प्रयोग केले आणि त्या जोरावर एका मालिकेच्या लेखनात काम मिळालं. कुणाला संशय नाही. सरांची मुलगी विट्याला असते, तिला यातलं काही माहीत नाही. पण आता झोप लागत नाही, स्वतःचं काही लिहून होत नाही. ‘हे घेऊन जगायचं कसं?’

आज रात्रीपुरतं एकच सांगतो. फेसबुकवर काही लिहू नका आणि उद्या उठून सन्मानचिन्ह परत द्यायला धावू नका. या अवस्थेत कबुलीची घाई फार होते. जाहीर कबुलीने तुमच्या छातीवरचा दगड उतरेल, पण विट्याच्या ताईंना आपल्या वडिलांची गोष्ट कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून कळेल. एकदा सरांचं लिखाण न विचारता वापरलंत, आता त्यांच्यावर झालेला अन्यायही त्यांच्या मुलीला न विचारता वापराल. सर्वांत आधी हे तिला कळलं पाहिजे, आणि तेही तुमच्याच तोंडून.

तशीच गुपचूप भरपाईही करू नका. सरांच्या शाळेला देणगी, त्यांच्या स्मरणार्थ एकांकिका स्पर्धा, वाचनालयाला पुस्तकांचं कपाट, असले विचार या वेळी हमखास येतात. त्या स्पर्धेच्या व्यासपीठावर हार कुणाच्या गळ्यात पडणार? तुमच्याच. गेलंय ते सरांचं नाव. म्हणून दुरुस्तीची सुरुवात नावापासून करायची, पैसा नंतर. नाव जागेवर न ठेवता दिलेला पैसा म्हणजे तोंड बंद ठेवण्याची किंमत होते, देणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी.

ताईंकडे जाण्याआधी घरी चार-पाच दिवसांचं काम आहे. नेमकं काय कुणाचं, हे आधी कागदावर आलं पाहिजे. सरांचं बाड, तुमची पहिली टाइप केलेली प्रत, स्पर्धेला दिलेली संहिता आणि दिवाळी अंकातलं छापील रूप, हे चारही समोर घ्या. बाडावर काही लिहू नका, खुणा झेरॉक्स प्रतीवरच करा. तीन रंगांची पेनं घ्या. जसाच्या तसा उचललेला संवाद लाल. शब्द फिरवलेला, पण आशय आणि जागा तीच असलेला हिरवा. जे बाडात कुठेच नाही ते निळं. रंगसूचनाही सोडू नका, चोरी तिथे फार स्पष्ट दिसते. पात्रांच्या नावांतला बदल मोजायचाच नाही, ते श्रम टायपिस्टचे.

हे करताना एक जागा तुम्हाला अडवेल. एकांकिका सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवाभोवती फिरते, आणि परीक्षकांनी गौरवलेला प्रसंग कंदिलाचा, असं तुम्हीच लिहिलं आहे. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत ऐसपैस. बंद पेवात खराब हवा साचते, म्हणून माणूस उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. या प्रसंगात कंदील विझतो, वर बसलेली बायको दोरी ओढते आणि ओढताना हातांनी मोजते: एक हात, दोन हात, तीन हात. दोरी किती खाली गेली होती हे त्या मोजणीतून प्रेक्षकाला कळतं, आणि नवरा तिथवर उतरला असता तर काय झालं असतं हेही. असा तपशील टेबलाशी बसून सुचत नाही, तो कुणीतरी काठावर उभं राहून पाहिलेला असतो. सरांनी पाहिला होता, तुम्ही वाचला होता. झेरॉक्सवर ते पान पूर्ण लाल होईल आणि होऊ द्या.

दुसऱ्या बाजूने, ५५ मिनिटांची संहिता स्पर्धेच्या वेळेत बसवायला तुम्ही ४० मिनिटांवर आणलीत, दोन प्रवेश एक केलेत, शेवटाच्या आधी एक शांतता घातलीत. हे खरं काम आहे. रंगभूमीवर त्याला प्रतिष्ठित नावही आहे, रंगावृत्ती. ‘लेखक’ म्हणून सरांचं नाव आणि खाली ‘रंगावृत्ती’ म्हणून तुमचं, एवढं छापायला तेव्हाच सरांच्या घरी विचारलं असतंत तर बहुधा आनंदाने हो आलं असतं. मात्र आता हे निळं काम ढाल म्हणून पुढे करू नका. ‘मीही त्यावर खूप मेहनत घेतली’ हे वाक्य खरं असूनही पहिल्या भेटीत उच्चारायचं नाही. ताईंनी विचारलं तरच सांगा.

‘मराठी रंगभूमी तर रूपांतरांवरच वाढली’ हा युक्तिवादही मनात घोळत असेल. हरिपूरच्याच गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ केलं. पण ते रूपांतर म्हणूनच ओळखलं जातं, शेक्सपियरचं नाव पुसून नव्हे. कल्पना सारखी असणं हाही वेगळा मुद्दा आहे. दिल्लीच्या एका नाटककाराने आपल्या नाटकावरून हिंदी सिनेमा बेतल्याचा दावा केला होता. त्यावर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विषयावर किंवा कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडणीवर असते, आणि तो दावा फेटाळला. तुमच्याकडे मांडणी आणि वाक्यंसुद्धा सरांचीच आहेत, तेव्हा त्या निकालाचा आडोसा तुम्हाला मिळत नाही.

लाल-हिरव्या प्रतीनंतर आणखी एक यादी करा, ही बहुतेक जण टाळतात. एकांकिकेबद्दल पुढे काय काय खोटं सांगितलंत त्याची. मुलाखतीत ‘हा प्रसंग कसा सुचला’ विचारल्यावर आजोबांची गोष्ट रचली असेल. कार्यशाळेत मुलांना लेखनप्रक्रिया सांगितली असेल. घरी बायकोला, आईला काहीतरी सांगितलं असेल. मूळ चोरी एकदाच झाली, हा थर मात्र तीन वर्षं वाढत राहिला आहे, आणि झोप उडवतो तो बहुतेक वेळा हाच. कारण तो सांभाळावा लागतो: कुणाला कोणता आजोबा सांगितला होता हे लक्षात ठेवावं लागतं. तारीख, ठिकाण, कुणासमोर, काय बोललात, एवढं लिहा. पुढे प्रत्येकाला पत्र पाठवायचं नसतं, पण कार्यशाळेतल्या मुलांना तरी सांगावं लागेल. त्यांनी ते खरं मानून शिकायचा प्रयत्न केला आहे.

मग पैशांचा ताळेबंद. बक्षिसाची रोख रक्कम, प्रत्येक प्रयोगाचं मानधन, अंकाचं मानधन, हे तारखेसह. समजा बक्षीस ३,००० रुपये, ३१ प्रयोगांचे प्रत्येकी ७०० प्रमाणे २१,७०० आणि अंकाचे १,५००, तर एकूण २६,२०० होतात. तुमचे खरे आकडे बँकेच्या नोंदींवरून भरा, आठवणीवर जाऊ नका. आठवण स्वतःच्या सोयीने कमी सांगते. टायपिंग, झेरॉक्स, प्रवास यांचा खर्च वजा करू नका. मानधन आणि अंकाची रक्कम सरांच्या वारसांची. बक्षिसाची रक्कम मात्र आयोजकांकडे परत जाते आणि तिचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, कारण त्या वर्षी लेखनात दुसरा आलेला कुणीतरी आहे. त्याचं पहिलं बक्षीस तुमच्याकडे आहे. या सगळ्या प्रकरणात तो माणूस कुणालाच आठवत नाही.

मालिकेचं काम हे रुपयांत परत करता येत नाही. त्याचं पुढे बोलू.

आता कायदा, गरजेपुरता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावर त्याच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो, आणि हयातीत अप्रसिद्ध राहिलेल्या लिखाणावर ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. सर २०२० मध्ये गेले तेव्हा बाड अप्रसिद्धच होतं, म्हणजे तो हक्क आज त्यांच्या वारसांकडे आहे आणि अजून कित्येक दशकं राहील. मुलगी एकटीच वारस आहे की भावंडं, आई आहेत हे विचारून घ्यावं लागेल. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा आहे. तो कॉपीराइट विकला तरी लेखकाकडेच राहतो आणि वारसांना बजावता येतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनाच्या तारखेपासून तीन वर्षं, आणि प्रत्येक नवा प्रयोग हे नवं उल्लंघन. तेव्हा ‘आता तीन वर्षं झाली, सुटलो’ असा हिशेब करू नका. उलट, आज कुणाला प्रयोगाची परवानगी दिली असेल तर ती थांबवणं हे पहिलं कृत्य.

वकिलाला जरूर भेटा, मात्र सुटकेची वाट शोधायला नको. लेखी कबुली तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते हे माहीत असून ती द्यायची आहे, म्हणून तिच्यात एकही शब्द चुकीचा किंवा जास्तीचा नको. वकील ‘काही लिहून देऊ नका’ म्हणेल, तो त्याचा धर्म. ऐकून घ्या आणि मग तुम्ही ठरवा.

ताईंना फोनवर सगळं सांगू नका. फोन फक्त वेळ मागायला: ‘सरांचं एक हस्तलिखित माझ्याकडे आहे, ते परत द्यायचं आहे आणि त्याबद्दल बोलायचं आहे.’ सणासुदीचा, सरांच्या श्राद्धाचा, परीक्षेचा काळ टाळा. मिठाईचा पुडा, शाल, फुलं काही नेऊ नका. ओळखीचा मध्यस्थ नको, समोर मोठं माणूस बसलं की ताईंना रागावताही येत नाही. त्यांच्या घरचं कुणी सोबत असलं तर चांगलं. तुम्ही एकटे जा, अर्ध्या तासाची तयारी ठेवा, आणि पाचव्या मिनिटाला ‘निघा’ म्हणाल्या तर निघा. लेखी पत्र टेबलावर ठेवून या.

या पत्राबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे आपली भाषाच माणसाला पळवाट देते. मराठीत ‘चूक झाली’ म्हणता येतं. ‘माझ्याकडून राहून गेलं’, ‘माझ्या हातून घडलं’, ‘नाव द्यायचं राहिलं’. या एकाही वाक्यात करणारा नाही. चूक पावसासारखी आपोआप झाली. ‘झाली’च्या जागी ‘केली’ लिहा आणि बघा, हात थांबतो. मग ‘चूक’ हा शब्दही टिकत नाही. चूक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची. इथे शीर्षक बदललंत, नावं बदललीत, अर्जावर ‘लेखक’ समोर स्वतःचं नाव लिहून खाली सही केलीत, एवढी पावलं चुकून पडत नाहीत. ‘प्रेरणा’, ‘आधार’, ‘गैरसमज’, ‘त्या वेळची परिस्थिती’, ‘नकळत’, ‘भावना दुखावल्या असल्यास’, हे सगळे शब्द काढा. काढल्यावर पत्र फार छोटं होतं, तेवढंच पुरे:

‘सरांनी २०१९ साली मला वाचायला दिलेली एकांकिका मी २०२२ मध्ये माझ्या नावावर स्पर्धेत दिली. शीर्षक आणि पात्रांची नावं मी बदलली. संवाद आणि रचना सरांची आहे. तिला लेखनाचं बक्षीस मिळालं, ती छापली गेली, तिचे प्रयोग झाले. मी सरांची परवानगी घेतली नव्हती आणि तुम्हाला कळवलं नाही. मूळ हस्तलिखित, कुठलं काय याची खुणा केलेली प्रत आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब सोबत आहे. सरांचं नाव सगळीकडे लागावं यासाठी मी आयोजकांना आणि संपादकांना लिहिणार आहे. तुमचं म्हणणं ऐकून मगच लिहीन.’

यात क्षमा मागितलेली नाही, हे जाणूनबुजून. पहिल्याच भेटीत क्षमा मागणं म्हणजे जिचं नुकसान झालं तिच्यावरच आणखी एक काम टाकणं, आणि तेही तिने लगेच, तुमच्यासमोर उरकायचं. ‘मला पश्चात्ताप आहे’ एवढं तोंडी म्हणा, ते खरं आहे. पण त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा चेहऱ्यावर ठेवू नका. रडू आलं तर बाहेर जाऊन या, नाहीतर ताई तुमचीच समजूत काढत बसतील.

बाड परत देण्याआधी त्याची काळजी घ्या. सांगलीच्या पावसाळी दमटपणात जुन्या वहीच्या पिना गंजतात आणि डाग पानांत उतरतो. पिन सहज निघत असेल तर काढा, ओढून पान फाटणार असेल तर राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल धरते, जाड कागदात गुंडाळून सुती कापडाच्या फाइलमध्ये बांधा. त्याआधी प्रत्येक पान किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करा, कोऱ्या मागच्या बाजूसह. सरांसारखी माणसं मागच्या पानावर खोडलेलं लिहितात, समासात वाणसामानाची यादीही असते. ताईंना त्या यादीचं मोल एकांकिकेपेक्षा जास्त वाटू शकेल. स्कॅनचा पेनड्राइव्ह सोबत द्या. तुमच्या झेरॉक्स आणि संगणकावरच्या प्रतींचं काय करायचं ते त्यांनाच विचारा.

त्या काय म्हणतील हे कुणीच सांगू शकत नाही. संतापल्या तर तुलनेने सोपं आहे, ऐकायचं. पोलिसांत जाते म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क, ‘त्याने सरांचीच बदनामी होईल’ असं अडवायचं नाही. लगेच ‘जाऊ दे हो, बाबांचं नाटक रंगमंचावर तरी आलं’ म्हणाल्या तर अवघड. तेवढ्यावर सुटका झाली असं समजू नका, घरी गेल्यावर आठवड्याभराने त्यांना वेगळं वाटू शकतं. पुन्हा बोलायला दार उघडं ठेवा. सगळ्यांत अवघड म्हणजे ‘आता कुठे बोलू नका, आम्हाला चर्चा नको’. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. सरांचं नाव जाहीर करायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. पण आयोजकांना ‘मी लेखक आहे’ हे खोटं तुम्ही सांगितलंत. ते मागे घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. अशा वेळी एवढंच कळवायचं: ही संहिता माझी नाही, मूळ लेखकाच्या कुटुंबाची इच्छा म्हणून नाव देत नाही, बक्षीस परत घ्यावं.

ताईंच्या भेटीनंतर बाकीचं पंधरा दिवसांत उरका. सांगली-मिरजेच्या नाट्यवर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात. तालमीच्या हॉलवर एकाला कळलं की रात्रीपर्यंत चौघांना कळतं, आणि मग तुमचं पत्र पकडले गेल्यावरचं वाटतं. आधी तुमचा दिग्दर्शक आणि कलाकार. त्यांना आयोजकांच्या पत्रातून कळणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नेपथ्य, प्रकाश, अभिनय ही त्यांची कामं त्यांचीच आहेत आणि आयोजकांना लिहिताना हे स्पष्ट नोंदवा. तरी सांघिक बक्षीस जाण्याची शक्यता आहे. ते चिडतील, त्यांच्या दोन महिन्यांच्या तालमी होत्या. त्यांच्यापैकी कुणी ‘गप्प बस, सगळ्यांना बुडवू नकोस’ म्हणेल. त्याचं ऐकलंत तर त्या क्षणापासून ते सगळे तुमच्या गुपितात भागीदार होतील.

मग आयोजकांना, कार्यकारिणीच्या नावे, पोचसह पत्र. लाल खुणांची प्रत जोडा, म्हणजे त्यांना समिती नेमून महिनोन्‌महिने शोधत बसावं लागणार नाही. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र घेताना लेखक म्हणून तुमचं नाव दिलेलं आहे. तिथेही दुरुस्तीचा लेखी अर्ज करा, नाहीतर उद्या एखादी संस्था त्याच कागदावर पुन्हा तुमच्या नावाने प्रयोग लावेल. प्रयोग केलेल्या प्रत्येक संस्थेला एक पत्र. दिवाळी अंकाचं अवघड जातं, तो वर्षातून एकदाच निघतो. संपादकांना पुढच्या अंकात चौकटीत खुलासा मागा आणि तोपर्यंत एक छोटं शुद्धिपत्रक छापून घ्या, पोस्टकार्डाएवढं. ज्या वाचनालयांत अंक गेला आहे तिथे स्वतः जाऊन ग्रंथपालांना ते त्या पानावर चिकटवायची विनंती करा. दहा-बारा वाचनालयं होतील, शनिवार-रविवारी फिरून होतं.

मालिकेच्या कामाचं. टीव्हीच्या लेखनकरारात बहुधा ‘सादर केलेलं लेखन माझं स्वतःचं आहे’ अशी हमी असते. तुम्ही नमुना म्हणून ही एकांकिका दिली असेल तर ती हमी आजही खोटी उभी आहे. मुख्य लेखकाला प्रत्यक्ष भेटून सांगा. आजवर दिलेले भाग तुमचे असतील तर तेही सांगा, ते तपासता येतील. काम जाऊ शकतं, त्यासाठी तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाची आणि गृहकर्जाच्या हप्त्याची तजवीज आधी करून ठेवा. हे सांगण्याआधी घरी सांगायला हवं हे उघड आहे. बायको-मुलांना बाहेरून कळू देऊ नका.

जाहीर निवेदन सगळ्यांत शेवटी, ताईंना मजकूर दाखवून. सहा ओळी. त्यानंतर एक वेगळंच संकट येतं: कौतुक. ‘केवढं मोठं मन’, ‘आजच्या काळात अशी माणसं दुर्मिळ’ असे निरोप येतील, कुणी तरी व्याख्यानाला बोलावेल, या अनुभवावरच एकपात्री लिहा म्हणेल. नाही म्हणा. सरांच्या लिखाणावर मिळालेली टाळी परत करता करता त्यांच्याच लिखाणावर दुसरी टाळी घेणं होईल ते. उत्तरादाखल फक्त सरांचं नाव लिहा.

ताईंना पुढे प्रयोग चालू ठेवायचे असतील तर परवानगीचा नमुना त्यांना तयार करून द्या, तुमच्या हातातलं हे खरंखुरं उपयोगाचं काम आहे. परवानगी लेखी आणि सहीची हवी. त्यात मुदत, प्रयोगांची संख्या, प्रत्येक प्रयोगाचं मानधन, ते कुणाच्या खात्यावर जमा होणार, बदल करायचे तर आधी विचारायचं, आणि जाहिरातीत लेखकाचं नाव कुठे, किती मोठं. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. रंगावृत्तीचं श्रेय तुम्हाला द्यायचं की नाही, की जुनी ५५ मिनिटांचीच संहिता करायची, हे त्या ठरवतील.

आता लिहून होत नाही त्याबद्दल. याला शाप वगैरे समजू नका, त्याची कारणं साधी आणि कळण्यासारखी आहेत. तुमच्याकडून लोकांची जी अपेक्षा आहे ती सरांच्या उंचीची आहे. तुमचं पहिलं कच्चं पान त्या उंचीशी लावलं की खुजंच दिसणार. सरांचंही पहिलं पान तसंच असणार, बाडातली खोडाखोड पाहा. शिवाय तीन वर्षं तुम्ही कच्ची पानं लपवायला शिकलात, कारण या एकांकिकेची कच्ची पानं दाखवण्यासारखी नव्हतीच. ती सवय उलटवायची तर पानांवर क्रमांक असलेली वही घ्या, रोज तारीख टाकून पेनाने लिहा, पान फाडायचं नाही. रोज ४० मिनिटं, त्याहून जास्त नको. समासात प्रत्येक नव्या गोष्टीपुढे ती कुठून आली ते लिहा: पाहिलं, ऐकलं, वाचलं, सुचलं. आठवड्याने मोजा. सुरुवातीला ‘वाचलं’ भरभरून निघेल. मग मार्केट यार्डात, बेदाण्याच्या शेडवर, पहाटेच्या मिरज जंक्शनवर जाऊन उभे राहा, ‘पाहिलं’ वाढेपर्यंत. आठवड्याची पानं कच्चीच दोघांना दाखवा, त्यातला एक नाटकाबाहेरचा असावा. किमान दोन वर्षं कुठल्याही स्पर्धेला काही देऊ नका. पहिली छापील गोष्ट सामान्य असेल, लोक ‘बघा, याचं स्वतःचं एवढंच’ म्हणतील, आणि त्या वेळी ते खरं असेल. दुसरी थोडी बरी होईल.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच १४४१६ वर फोन करा, ही सरकारची टेलीमानस सेवा दिवसरात्र चालते आणि मोफत आहे. हे सगळं दुरुस्त करायला माणूस शाबूत लागतो. ताईंना भेटल्यावर पहिल्या काही रात्री झोप लागेल, मग पुन्हा उडेल, लोक बोलायला लागले की. ती उडालेली झोप वेगळी असते, तिच्यात लक्षात ठेवायचं काही नसतं.

काही गोष्टी परत येणार नाहीत. काही जण तुम्हाला कायम चोर म्हणतील. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमाला सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात गेलात तर कुणीतरी नजर चुकवेल. वर्षभर जाऊ नका. सरांच्या नावाने पहिला प्रयोग लागला तर ताईंनी बोलावलं तरच जा, तिकीट काढून, मागच्या रांगेत.

आणि त्या प्रयोगाच्या जाहिरातीचा, घोषणेचा मजकूर तुमच्याकडे तपासायला आला तर नाव स्वतःच्या मनाने लिहू नका. गावात सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे, शाळेच्या कागदांवर एक असेल, आधारवर दुसरं. बाडाच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, त्यांनी स्वतःच्या हाताने कसं लिहिलं आहे ते पाहा: वडिलांचं नाव आहे का, आडनावाआधी गावाचं आहे का, वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ. ताईंना दाखवून तसंच्या तसं द्या.